कामाचं ठरलं ते नदीच्या अलीकडे

अर्स्किन क्रम अपघातानंतर पहिल्यांदा ऑर्गनवर बसला तो मे महिन्यातला तिसरा रविवार. त्या दिवशी वेंडेल टॉल्बर्टला जन्मात पहिल्यांदा देवाच्या घरात बसवेना.

बाकी मंडळी हरखून गेली होती. बायका हातातले पंखे विसरून उभ्या राहिल्या. कुणी रडत होतं, कुणी टाळ्या पिटत होतं. अर्स्किनने कोटाची डावी बाही मनगटाशी दुमडून पिनेने बंद केली होती. उजव्या हाताने त्याने पहिला सूर धरला, आणि मग सगळ्यांना कळलं की खालचा भरदार नाद, जो एरवी डावा हात द्यायचा, तो आता त्याचे पाय देताहेत. बूट काढून, नुसत्या मोज्यांवर, ऑर्गनच्या खालच्या लाकडी पट्ट्यांवर पाय चालले होते. चाचपडत चालले होते, पण चालले होते.

आमच्या देवळातला उपदेश ज्यांनी ऐकलाय त्यांना ऑर्गन म्हणजे काय ते सांगायला नको. पाळक ब्रॅसवेल सुरुवात करतात ती अगदी घरगुती, ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तशी. मग शब्द चालू लागतात, चालता चालता धावू लागतात, आणि एक क्षण असा येतो की बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. पाळक एक ओळ फेकतात, ऑर्गन ती झेलतो आणि वर उचलून परत देतो, आणि त्या देण्याघेण्यात देव खोलीत येऊन बसतो. अकरा वर्षं ही झेलाझेल ब्रॅसवेल आणि अर्स्किन यांची होती. त्या रविवारी पाळकांनी आपली चाल मुद्दाम धीमी केली. ओळ फेकली की थांबायचे. अर्स्किनचे पाय पोचेपर्यंत घाम पुसल्याचं निमित्त करायचे.

हे सगळं वेंडेलला समोरून दिसत होतं, कारण तो डीकन होता, मंडळीने निवडलेला सेवक, आणि डीकनांचं बाक सगळ्यांत पुढे, ऑर्गनपासून सहा पावलांवर. त्या बाकाचं एक कामच असतं. पाळकांनी ओळ टाकली की पहिला हुंकार डीकनाने द्यायचा. "सांगा, पाळकसाहेब!" म्हणायचं, की मागची मंडळी पेट घेते. वेंडेलचा आवाज त्यासाठी नावाजलेला. त्या दिवशी तो आवाज घशातच बसून राहिला.

गोष्ट अशी होती की वेंडेल खोटं बोलला होता, आणि ते त्याच्याशिवाय मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

देऊळ कोलंबसला, म्हणजे जॉर्जिया राज्यात. नदीवरचा पूल ओलांडला की अलाबामा, दुसरं राज्य. तिकडे फिनिक्स सिटीच्या बाहेर मि. गेदर यांचा कारखाना, घरांच्या छपरांसाठी लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, बनवण्याचा. वेंडेल तिथे सव्वीस वर्षं होता, त्यातली अठरा मुकादम म्हणून. माणसं घेणं त्याच्याकडे. आणि माणसं घ्यायची त्याची रीत सगळ्या मंडळीला माहीत होती: रविवारी उपासना झाली की देवळामागच्या पिकानच्या झाडाखाली जेवणाची टेबलं लागत. कुणाच्या घरी काम सुटलंय, कुणाचा मुलगा सैन्यातून परत आलाय, हे तिथे ताटं भरताना कळे. वेंडेल त्या माणसाला बाजूला घेई, दोन प्रश्न विचारी, हात मिळवी आणि म्हणे, "सोमवारी सहाला. जाड तळव्याचे बूट घालून ये." झालं काम. कारखान्याच्या ऑफिसातले कागद मग सोमवारी भरले जात, नाहीतर बुधवारी, कधी आठवड्याने. वेंडेलला या रीतीचा अभिमान होता. देवळात हात मिळवून नोकरी देणारा माणूस काही साधा नव्हे, असं त्याचं त्यालाच वाटे.

अर्स्किनलाही त्याने असंच घेतलं होतं, गेल्या ऑगस्टात, मंडळीच्या वार्षिक मेळाव्याच्या जेवणात. कापडगिरणी बंद पडून अर्स्किनला चार महिने झाले होते. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी करवतीवर फळी उसळली आणि अर्स्किनचा डावा हात मनगटापासून गेला.

वेंडेलने स्वतःच्या पट्ट्याने त्याचा दंड आवळला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्या दिवसाबद्दल वेंडेलला कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. दोष पुढचा होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात विमा कंपनीची एक बाई आली. तिच्या आधी दहा मिनिटं मि. गेदर वेंडेलच्या टेबलाशी आले, कॉफीचा कप घेऊन.

"ती बाई चार प्रश्न विचारेल," ते म्हणाले. "अर्स्किन इथे कारखान्यात आला, इथल्या ऑफिसने त्याला कामावर घेतलं. असंच ना?"

"कागद इथेच भरले, साहेब," वेंडेल म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. ते देवळाचं, झाडाखालचं काही मध्ये आणू नकोस. लोकांना वाटायचं आपण धंदा चर्चमध्ये चालवतो."

बाईने छोटं यंत्र टेबलावर ठेवलं, लाल दिवा लागला. कामाचं कुठे ठरलं, तिने विचारलं. "इथे," वेंडेल म्हणाला. "सोमवारी, ऑफिसात." त्याआधी काही बोलणं? "नाही." मग त्याने कागदावर सही केली. त्या वेळी त्याला वाटलं, एवढ्याशा गोष्टीने कुणाचं काय जातंय. पण मि. गेदर कॉफी घेऊन आपणहून टेबलाशी आले असं सव्वीस वर्षांत कधी झालं नव्हतं, हेही त्याच वेळी त्याच्या मनाने टिपून ठेवलं होतं. म्हणजे अगदीच अजाणता केलं असं त्याला पुढे कधी म्हणता आलं नाही.

काय जातंय ते त्याला त्या मेच्या रविवारी कळलं, उपासनेनंतर, जेवणाच्या रांगेत. अर्स्किनची बायको व्हर्नेल वाढत होती.

"डीकन, ताट एवढं रिकामं? ओपलने घरी उपाशी राहायला शिकवलं वाटतं," ती म्हणाली, आणि चिकनचा मोठा तुकडा त्याच्या ताटात टाकला. "बरं, तुम्हाला एक गंमत सांगू? माणसाच्या हाताची किंमत नदीच्या या काठाला वेगळी आणि त्या काठाला वेगळी, ठाऊक होतं तुम्हाला?"

"म्हणजे कसं, सिस्टर?"

"वकीलबाईने सांगितलं. अलाबामाचा कायदा लागला तर हात गेल्याच्या भरपाईचे आठवडे थोडे जास्त मोजतात, पण आठवड्याला दोनशेवीस डॉलरच्या वर कुलूप. पगार माणसाचा कितीका असेना. जॉर्जियाचा लागला तर पगाराच्या तीन भागांतले दोन भाग. सगळं मिळून तिकडचं इकडच्या निम्म्याहूनही कमी. हात तोच, बरं का! करवत तीच. मी म्हटलं वकीलबाईला, अर्स्किनला पुलाच्या मधोमध उभा करून हात कापायला हवा होता, म्हणजे दोघांनी वाटून घेतलं असतं."

मागची बाई हसली. व्हर्नेल हसली नाही.

"पण अपघात तर तिकडे झाला," वेंडेल म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला त्याला.

"तेच तर! वकीलबाई म्हणते, अपघात कुठेही होवो. माणूस जॉर्जियात राहत असेल आणि कामाचं जॉर्जियात ठरलं असेल, तर जॉर्जियात मागता येतं. ती विचारते, कुठे ठरलं? अर्स्किन म्हणाला, कुठे म्हणजे? डीकन टॉल्बर्टनी या इथे, या झाडाखाली माझा हात हातात घेतला. डीकनांना विचारा." तिने चमचा खाली ठेवला. "विमावाले म्हणतात, ऑफिसात ठरलं. त्यांना काय ठाऊक! जूनमध्ये सुनावणी आहे. तुम्हाला बोलावतील. तुम्ही नुसतं घडलं तसं सांगा, डीकन. बाकी प्रभू बघेल."

वेंडेलने मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार की नुसतं ऐकल्याची खूण, हे त्याने व्हर्नेलवर सोडलं. आणि ते ताट तो पिकानच्या झाडामागे कचऱ्याच्या पिंपात टाकून आला.

सोमवारी तो मि. गेदरकडे गेला. टोपी हातात घेऊन, दारात उभा राहिला.

"साहेब, ते अर्स्किनचं. मी त्या बाईला सांगितलं ते तसं नव्हतं."

मि. गेदर वाईट माणूस नव्हते. अर्स्किन इस्पितळात असताना दोनदा जाऊन आले होते, ईस्टरला घरी हॅम पाठवला होता. त्यांनी दार लावून घेतलं.

"बस, वेंडेल. हे बघ, मी कायदा लिहिलेला नाही. अलाबामात कारखाना आहे, अलाबामाचा हप्ता मी भरतो, अलाबामा देईल ते त्याला मिळेल. उद्या जॉर्जियाचा दावा माझ्या अंगावर आला तर विम्याचा हप्ता कुठे जाईल कल्पना आहे? एकोणीस माणसं आहेत इथे. त्यातली अकरा तुझ्याच देवळातली."

"होय, साहेब."

"आणि तू सही केलीयस. आता उलटलास तर ते विचारतील, खोटं तेव्हा बोललास की आता? याला काय म्हणतात ठाऊक आहे तुला. तुझी निवृत्ती कधी?"

"पुढच्या वर्षी. चौदा महिने, साहेब."

"चौदा महिने," मि. गेदर म्हणाले, अगदी मायेने. "जा, ट्रक भरायचाय."

वेंडेल गेला आणि ट्रक भरला. अकरा माणसं, अकरा घरं, असं तो स्वतःला सांगत राहिला. सांगताना बरंही वाटे. पण मग करवत सुरू झाली की तिच्या आवाजात ते सगळं वाहून जाई, आणि उरे ते एवढंच की चौदा महिने.

घरी ओपलच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार. ती टेबलावर शेंगा सोलत होती.

"कालपासून तीन जेवणं टाकलीस. कुणाशी भांडण काढलंयस, माझ्याशी की देवाशी?"

"पोट बरं नाही."

"तुझं पोट लोखंडाचं आहे. माझ्या आईचं लोणचं पचवलेला माणूस तू." ती शेंगा सोलत राहिली. "व्हर्नेल भेटली होती. सुनावणीचं बोलली. मी म्हटलं, अगं, मला विचारा ना. बटाट्याचं सॅलड माझंच होतं त्या दिवशी. तू अर्स्किनशी हात मिळवलास तेव्हा तुझ्या बोटांना सगळं मेयोनीज लागलेलं, आणि बिचारा अर्स्किन मग मेळाव्याच्या दुपारच्या गाण्यांना ऑर्गनवर बसायच्या आधी हात कुठे पुसू म्हणून फिरत होता. मीच दिला त्याला रुमाल."

वेंडेलने हात टेबलाखाली घेतले.

ओपलने हातातली शेंग खाली ठेवली. "वेंडेल. तू विमावाल्यांना काय सांगितलंस?"

त्याने सांगितलं. फार वेळ लागला नाही, तीन वाक्यांचीच गोष्ट होती. ओपल ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शेंगांची टोपली उचलून ओट्यावर ठेवली, नळ सोडला, आणि पाठमोरीच म्हणाली, "मला नको सांगूस. माझा हात जागेवर आहे."

म्हणून शनिवारी दुपारी तो अर्स्किनकडे गेला. सांगायचंच असं ठरवून गेला. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना वाक्यही जुळवलं: ब्रदर क्रम, मी तुझ्याशी वाईट वागलोय.

अर्स्किन आतल्या खोलीत जुन्या, रंग उडालेल्या ऑर्गनवर बसला होता. कपाळ घामाने निथळत होतं.

"या या, डीकन! बरं झालं आलात. व्हर्नेल म्हणते मी तिचं डोकं उठवतो. ऐका जरा." त्याने पायांनी एक चाल चालवली, मध्येच एक पाय घसरला, भलताच सूर भोंगा वाजावा तसा वाजला. अर्स्किन खो खो हसला. "सेहेचाळीस वर्षांचा घोडा, आणि चालायला शिकतोय! पाळकसाहेबांचा उपदेश एरवी पाऊण तास. माझ्यापायी सव्वा तासावर गेलाय. लोक मला शिव्या देत असतील, घरी चिकन करपतंय म्हणून."

"कुणी शिव्या देत नाही," वेंडेल म्हणाला.

"मला ठाऊक आहे हो." अर्स्किनचं हसू थोडं मावळलं. त्याने उजव्या हाताने बाहीचं टोक कुरवाळलं. "रागाचं म्हणाल तर येतो. सकाळी बुटाची नाडी बांधताना येतो. पण तुमच्यावर कधी नाही आला, हं. व्हर्नेलची बहीण म्हणाली, त्या डीकननेच तुला त्या करवतीवर नेलं. मी म्हटलं, चार महिने घरात चूल थंड होती, तेव्हा त्याच माणसाने विचारलं. बाकी कुणी नव्हतं विचारलं."

जुळवलेलं वाक्य वेंडेलच्या जिभेवर होतं. जीभ काही उचलेना.

"आणि सुनावणीचा बोजा घेऊ नका," अर्स्किन म्हणाला. "मि. गेदरकडे तुमची नोकरी आहे, मला कळतं. जास्त काही बोलू नका. घडलं तेवढंच सांगा. तेवढं पुरे."

"हो," वेंडेल म्हणाला. मग व्हर्नेलने चहा आणला, बर्फ घातलेला, गोड, आणि तो त्याने संपवला. घरी जाताना पुलाशी गाडी थांबवून तो बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले. पण मिटलेल्या डोळ्यांपुढे देव येईना, अर्स्किनचे मोज्यातले पायच येत राहिले.

सुनावणीच्या आधीचा रविवार. पाळक ब्रॅसवेल म्हणाले, आज आपण ब्रदर क्रमसाठी प्रार्थना करणार आहोत, आणि आजची कथा हाताचीच आहे.

त्यांनी घरगुती सुरुवात केली. देवळात एक माणूस बसलाय. हात वाळून गेलेला. रोज येतो, मागे बसतो, हात बाहीत लपवतो. प्रभू आले. प्रभूंनी त्याला मधोमध उभं केलं. "आता तुम्हाला वाटेल," पाळक म्हणाले, "ही कथा त्या हाताची आहे. मलाही तसंच वाटायचं. पण परवा वाचता वाचता मी अडखळलो. कारण हात बरा करण्याआधी प्रभूंनी बाकाकडे तोंड केलं. बाकावरच्यांना एक सवाल केला. आज विश्रांतीच्या दिवशी, कामाला मनाई असताना, या माणसाचं भलं करू की नको? आणि बाकावरचे, मंडळी..." ते थांबले. "बाकावरचे गप्प बसले."

अर्स्किनच्या पायांनी एक खोल सूर दिला.

"चांगली माणसं होती ती!" आता शब्द चालू लागले. "दानधर्म करणारी! पहिल्या बाकावरची! हात वाळलेल्या माणसाचं वाईट चिंतणारी नव्हती हो! फक्त... गप्प बसली." ऑर्गनने झेललं. "आणि मी विचारतो, देवळात वाळलेलं काय होतं? त्याचा हात होता..." सूर वर चढला, "का यांची जीभ होती? का यांची जीभ होती? सांगा, जीभ होती का!"

मंडळी उठून उभी राहिली. पाळक आता पुरते गाण्यात गेले होते, घोगऱ्या आवाजात एकेक ओळ ओढून फेकत होते, आणि अर्स्किन, पाय आणि एक हात, ती झेलत होता, आज चाचपडत नव्हता. आणि मग पाळकांनी सवयीने हात पुढे केला तो डीकनांच्या बाकाकडे, हुंकारासाठी. सगळ्यांचं लक्ष त्या बाकाकडे गेलं. वेंडेल टॉल्बर्टचं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

पाळकांना काय ठाऊक होतं? काहीच नव्हतं. हे वेंडेलला पक्कं माहीत होतं. पण सांगणाऱ्याला ठाऊक नसताना सांगणं नेमकं आपल्याच छातीवर येऊन बसतं तेव्हा ते कुठून आलं हे विचारायची गरज उरत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या डीकनने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "भरून आलं वाटतं, ब्रदर?" तो कुजबुजला. वेंडेलने मान खाली घातली.

सुनावणी गुरुवारी दुपारी झाली, कोलंबसलाच, एका लांबट खोलीत. न्यायाधीश बाई होत्या. एका बाजूला अर्स्किन, व्हर्नेल आणि त्यांची वकीलबाई मिस लँगफर्ड. दुसऱ्या बाजूला मि. गेदर आणि अटलांटाहून आलेला विमा कंपनीचा वकील. वेंडेलला त्यानेच बोलावलं होतं. शपथ झाली.

"मि. टॉल्बर्ट, तीन मार्चला तुम्ही एक जबानी दिलीत. कामाचं सोमवारी ऑफिसात ठरलं, त्याआधी काही बोलणं नाही. खाली सही तुमची?"

व्हर्नेलने झटकन मान वळवली. ही जबानी तिने कधी पाहिली नव्हती.

"सही माझी," वेंडेल म्हणाला.

"ठीक. मग आमचा प्रश्न संपला."

"माझा नाही संपला," वेंडेल म्हणाला. "सही माझी आहे. लिहिलंय ते खोटं आहे."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. वकिलाने चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"कुणी सांगितलं होतं तसं बोलायला?"

वेंडेलने मि. गेदरकडे पाहिलं. मि. गेदर समोरचा कागद वाचत होते. "साहेबांनी सांगितलं, झाडाचं मध्ये आणू नकोस. पण जीभ माझीच होती. साहेबांनी माझी जीभ नव्हती धरली."

मिस लँगफर्ड उठली. "झाडाखाली काय झालं, मि. टॉल्बर्ट?"

त्याने सांगितलं. ऑगस्टचा रविवार, टेबलं, सॅलड, हात. वकील म्हणाला, हे तर नुसतं बोलणं झालं, नोकरी नव्हे, नोकरी ऑफिस देतं. तेव्हा न्यायाधीश बाईंनी स्वतः विचारलं, "तुम्ही झाडाखाली हो म्हटलेल्या एखाद्या माणसाला ऑफिसने कधी नाही म्हटलंय का?"

वेंडेल विचारात पडला. "नाही, मॅडम. अठरा वर्षांत नाही." आणि मग, कुणी न विचारता, तो नावं सांगू लागला. क्लिट्स मेबरी. हॉरेस डन आणि त्याचा भाऊ. फेल्टनचा जावई. प्रत्येकाचा रविवार कोणता, त्या दिवशी तिथे कोण होतं. हळू बोलत होता, पण थांबत नव्हता. टंकलेखन करणाऱ्या बाईची बोटं त्याच्या मागून धावत होती.

"आणि सोमवारी ऑफिसात मि. क्रमना काय विचारलं?" न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"बुटाचं माप, मॅडम. आणि घरी कुणाला कळवायचं, काही झालं तर."

निकाल पोस्टाने येईल असं सांगून न्यायाधीश बाई उठल्या.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात व्हर्नेल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मोठ्याने नाही बोलली.

"मार्चमध्ये दिलीत ती जबानी. मार्च, एप्रिल, मे. माझ्या हातचं वाढून घेतलंत तुम्ही, डीकन. माझ्या घरी चहा प्यायलात."

"हो, सिस्टर."

"‘हो सिस्टर’ नको मला."

अर्स्किनने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो वेंडेलकडे बराच वेळ बघत राहिला, ओळखीचा माणूस लांबून ओळखू येईना झाला की बघतात तसा.

"सांगायला आला होतात ना," तो म्हणाला, "त्या शनिवारी?"

"आलो होतो."

"मला वाटलंच काहीतरी. मी आपला पायांचं कौतुक सांगत बसलो." त्याने मान हलवली. "आज मला तुमच्याशी बोलवणार नाही, डीकन. चल, व्हर्नेल."

ते लिफ्टकडे गेले. वेंडेलला जिन्याने उतरून जाता आलं असतं. तो तिथल्या बाकावर बसून राहिला, मि. गेदर बाहेर येईपर्यंत. कारखान्याच्या किल्ल्या त्याने जुडग्यातून आधीच सोडवून ठेवल्या होत्या. मि. गेदरनी त्या घेतल्या, तळहातावर जोखल्यासारख्या केल्या.

"चौदा महिने, वेंडेल," ते म्हणाले. रागाने नाही. खरंच कोडं पडल्यासारखे.

"तेरा, साहेब," वेंडेल म्हणाला.

रविवारी त्याने पाळकांना सगळं सांगितलं आणि पुढचं बाक सोडलं. पाळकांनी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठा श्वास घेतला. वेंडेल मागे, दाराजवळ बसू लागला, जिथून ऑर्गन दिसत नाही, नुसता ऐकू येतो. कारखान्यातल्या त्या अकरा जणांपैकी काही जण बोलत, काही टाळत. कारखाना चालू होता, पण पुढे काय याची धास्ती ज्याच्या त्याच्या तोंडावर होती. तेही आपलंच देणं आहे असं समजून तो कुणी टाळलं तरी मान लववून नमस्कार करी.

जुलैच्या अखेरीस एका सकाळी ओपलचा फोन वाजला. वेंडेल टेबलाशी होता. पलीकडे व्हर्नेल आहे हे त्याला आवाजावरून कळलं, शब्द कळत नव्हते. ओपलने डोळे मिटले. "आमेन," ती म्हणाली. "आमेन, गं." मग वेंडेलकडे पाहून तिने फोनवर हात न ठेवताच सांगितलं, "जॉर्जिया लागला. पत्र आलंय त्यांना."

वेंडेलने दोन्ही तळहात टेबलावर पसरून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"इथेच बसलाय तो," ओपल फोनमध्ये म्हणत होती. "देऊ त्याला? तूच सांग ना."

तिने फोन कानापासून जरा दूर धरला. स्वयंपाकघर एवढं शांत होतं की या वेळी त्यालाही शब्द ऐकू आले.

"अजून नाही," व्हर्नेल म्हणाली.